बीपी मशीनवरचा तिसरा आकडा

एप्रिल २०२५ मध्ये एक फोटो तुमच्याही फीडमध्ये येऊन गेला असेल. तांदळाचा दाणा आणि त्याच्या शेजारी दाण्याहूनही लहान असा एक तुकडा. 'जगातला सर्वांत लहान पेसमेकर' म्हणून रील्सवर त्याची बरीच हवा झाली. अमेरिकेतल्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात जॉन रॉजर्स आणि इगोर एफिमोव्ह यांच्या टीमने तो तयार केला. 'नेचर'मध्ये पेपर आला. रुंदी १.८ मिलिमीटर, लांबी ३.५, जाडी १. सिरिंजमधून आत सोडता येतो, छातीवर चिकटवलेल्या पट्टीतून येणाऱ्या प्रकाशावर चालू-बंद होतो आणि काम झालं की शरीरातच विरघळून जातो. हृदयात जन्मजात दोष असलेल्या बाळांना ऑपरेशननंतर काही दिवस असा तात्पुरता आधार लागतो, त्यांच्यासाठी ही खटपट आहे. आज त्यासाठी हृदयाला बाहेरून तारा जोडतात आणि नंतर त्या ओढून काढतात. त्या काढताना रक्तस्राव होऊ शकतो. चंद्रावर पहिलं पाऊल ठेवणारे नील आर्मस्ट्राँग २०१२ मध्ये गेले ते बायपासनंतर अशाच तारा काढल्यावर झालेल्या रक्तस्रावातून.

बातमी भारीच आहे. पण हा दाणा अजून प्राण्यांवरच्या आणि दान केलेल्या मानवी हृदयांवरच्या प्रयोगांपर्यंतच पोचलाय. दवाखान्यात यायला वेळ आहे. आणि ज्याची आपल्याला उद्या सकाळी गरज पडू शकते तो पेसमेकर साठ-पासष्ट वर्षं जुना, चांगला रुळलेला, अगदी बोअरिंग म्हणावा असा उपचार आहे. तो आपल्या आजी-आजोबांपर्यंत पोचतोय का, हा प्रश्न एकदा मैंदर्गीत उभं राहून विचारून बघू.

मैंदर्गी म्हणजे अक्कलकोटहून दुधनीकडे जाताना लागणारं गाव. गाव म्हटलं तरी नगरपरिषद आहे. अक्कलकोट तालुक्यात नगरपरिषदा तीन, अक्कलकोट, मैंदर्गी आणि दुधनी. घरात कन्नड, ऑफिसात मराठी, बाजारात दोन्ही. अक्कलकोटपासून सोलापूर साधारण ४० किलोमीटर, आणि मैंदर्गी त्याच्याही पुढे. तिथून कर्नाटकची हद्द सोलापूरपेक्षा कितीतरी जवळ. इथल्या एखाद्या सत्तरीच्या आजीला अंगणात भोवळ आली असं समजा. अर्ध्या मिनिटात ती उठून बसते, पाणी पिते आणि म्हणते, 'काही नाही, ऊन लागलं.' कन्नडमध्ये 'तले सुत्तु', मराठीत 'घेरी', 'अंधारी', 'चक्कर'. शब्द भरपूर आहेत, आणि प्रत्येक शब्दाबरोबर कारणही तयार असतं. जेवली नाही, उपास होता, शुगर कमी झाली, वयच झालं.

ठोका चुकतो म्हणजे काय होतं?

बारावीची जीवशास्त्राची वही आठवा. हृदयाच्या उजव्या वरच्या कप्प्यात पेशींचा एक पुंजका असतो, एसए नोड. विजेचा ठोका तिथून सुटतो, मध्ये एव्ही नोडला क्षणभर थांबतो, मग हिसच्या जुडग्यातून खाली उतरून दोन्ही मोठ्या कप्प्यांत पसरतो. मिनिटाला सत्तरच्या हिशेबाने दिवसाला सुमारे एक लाख वेळा. हे वायरिंग वयाबरोबर झिजतं. कधी वरचा पुंजकाच सुस्तावतो, कधी मधली वाट बंद पडते. वाट पूर्ण बंद झाली तर खालचे कप्पे स्वतःच्या बळावर मिनिटाला तीस-चाळीस ठोके मारत राहतात. मेंदूला रक्त कमी पडतं आणि माणूस कोसळतो. डब्लिनच्या अ‍ॅडम्स आणि स्टोक्स या डॉक्टरांनी एकोणिसाव्या शतकातच हे हेरलं होतं: मंद नाडी आणि अचानक शुद्ध हरपणं ही एकाच आजाराची दोन टोकं. त्यांच्याकडे त्यावर उपाय मात्र नव्हता.

यातली मेख अशी, की हा बिघाड बऱ्याचदा येऊन-जाऊन असतो. चक्कर येते तेव्हा नाडी ३२, आणि दवाखान्यात पोचेपर्यंत ७४. ईसीजी काढला तर तो बरा दिसू शकतो. मग डॉक्टर चोवीस तास छातीला बांधून ठेवायचा होल्टर सुचवतात. त्यातही सापडलं नाही तर कातडीखाली ठेवायचा छोटा रेकॉर्डर. पण इथपर्यंत पोचायला आधी कुणीतरी 'ही चक्कर हृदयाची असेल का?' असं विचारायला हवं. म्हातारी माणसं पडतात, खुब्याचं हाड मोडतं, ते हाड नीट बसवलं जातं. ती पडली का, हा प्रश्न मात्र तसाच राहून जाऊ शकतो.

आणि इथे एक साधी गोष्ट आपल्या सगळ्यांच्या नजरेतून सुटतेय असं मला वाटतं. डिजिटल बीपी मशीन आता घराघरांत आहे. त्यावर तीन आकडे येतात. वरचं बीपी, खालचं बीपी आणि सगळ्यांत खाली नाडी. चिठ्ठीवर काय लिहिलं जातं? '१४०/९०'. तिसरा आकडा दिसतो आणि पुसला जातो. तिशीच्या पुढच्या सगळ्यांची बीपी-शुगर तपासायचा राष्ट्रीय कार्यक्रम चालू आहे. त्याचा भर बीपी, मधुमेह आणि तीन प्रकारच्या कर्करोगांवर आहे, ते योग्यच आहे. पण ज्या मशीनने बीपी मोजलं तेच मशीन फुकटात नाडीही सांगतंय. तो आकडा लिहायला वेगळा निधी लागत नाही, वेगळं ट्रेनिंगही लागत नाही. पन्नासच्या खाली आणि सोबत चक्कर, दम किंवा प्रचंड थकवा, एवढं जुळलं की ईसीजी. (तुमच्यातल्या धावपटूंनी घाबरू नये. नियमित व्यायाम करणाऱ्यांची नाडी पंचेचाळीसवर असूनही सगळं ठणठणीत असू शकतं.) मशीन पुन्हा पुन्हा 'एरर' दाखवत असेल तर प्रत्येक वेळी दोष सेलचाच नसतो. ठोके अनियमित असले तरी मशीन गोंधळतं. अशा वेळी मनगटावर बोटं ठेवून पूर्ण एक मिनिट मोजावं.

गंमत बघा. कॉलेजच्या कट्ट्यावर निम्म्या मनगटांवर स्मार्टवॉच आहे आणि झोपेतली नाडीसुद्धा ग्राफमध्ये येते. ज्या वयात हा बिघाड होतो त्या वयाच्या मनगटावर काचेच्या बांगड्या असतात.

मंद नाडी सापडली म्हणजे लगेच पेसमेकर, असंही नाही. बीपीच्या काही गोळ्या, डिगॉक्सिन, इतकंच काय काचबिंदूसाठी डोळ्यांत घालायचे टिमोलॉलचे थेंबसुद्धा ठोके कमी करतात. आधी औषधांची पिशवी तपासली जाते. त्यातून कारण सापडलं नाही आणि वायरिंगच गेलेलं असेल, तर मात्र गोळ्यांनी ते दुरुस्त होत नाही.

शू पॉलिशच्या डबीतला साचा

३१ ऑक्टोबर १९५७ ला अमेरिकेत मिनिआपोलिसमध्ये वीज गेली. लोडशेडिंग अनुभवलेल्या आपल्या लोकांना यात नवल वाटणार नाही, पण तिथे वॉल्टन लिलेहाय यांच्या वॉर्डात ऑपरेशन झालेली मुलं भिंतीतल्या प्लगवर चालणाऱ्या पेसमेकरवर होती. एक बाळ दगावलं. लिलेहाय यांनी अर्ल बाकेन या इंजिनीअरला विचारलं, हे बॅटरीवर होईल का? बाकेन एका गॅरेजमध्ये मेडट्रॉनिक नावाची छोटी कंपनी चालवत होते. 'पॉप्युलर इलेक्ट्रॉनिक्स' मासिकात त्यांनी मेट्रोनोमचं सर्किट पाहिलं होतं, तेच, तालासाठी टकटक करणारं यंत्र. त्यावरून काही आठवड्यांत त्यांनी हातात मावेल असा पेसमेकर बनवला.

शरीराच्या आत बसवायचा पहिला पेसमेकर ८ ऑक्टोबर १९५८ ला स्टॉकहोममध्ये बसला. पेशंट आर्ने लार्सन. त्यांना दिवसातून वीस-तीस वेळा शुद्ध हरपण्याचे झटके येत. त्यांची पत्नी एल्स-मारी सर्जन ओके सेनिंग आणि इंजिनीअर रूने एल्मक्विस्ट यांच्या मागेच लागली. यंत्र अजून तयार नाही, असं सांगून पाहिलं तरी ती हटली नाही. एल्मक्विस्टनी शू पॉलिशच्या डबीचा साचा करून त्यात रेझिन ओतलं. पहिलं यंत्र काही तासांत बंद पडलं, मग दुसरं बसवलं. पुढे वीसहून जास्त यंत्रं बदलत लार्सन २००१ पर्यंत जगले. सर्जन आणि इंजिनीअर दोघेही त्यांच्या आधी गेले.

आजचं यंत्र साधारण दोन-तीन तोळ्यांचं. कॉलरबोनखाली छोटा छेद, जागा बधिर करून, पेशंट जागा असताना. शिरेतून एक किंवा दोन तारा हृदयापर्यंत सोडतात आणि डबी कातडीखाली बसवतात. बहुतेकदा काम तासा-दीड तासाचं. ते सतत ठोके देत बसत नाही. आधी ऐकतं, हृदयाने स्वतः ठोका दिला तर गप्प बसतं, नाही दिला तर काही व्होल्टचा मिलिसेकंदाहूनही छोटा धक्का देतं. बॅटरी साधारण आठ-दहा वर्षं, कधी त्याहून जास्त. तार नसलेला, थेट हृदयात बसवायचा कॅप्सूलसारखा प्रकारही आहे.

इथे एक घोळ नेहमी होतो. 'ठोके अनियमित आहेत, पेसमेकर बसवा' असं लोक सरसकट बोलतात. पेसमेकर मुख्यतः मंद ठोक्यांसाठी. वेगाने धावणाऱ्या ठोक्यांना औषधं, अ‍ॅब्लेशन किंवा आयसीडी नावाचं वेगळं यंत्र. पण तिथेही पेसिंग येतंच. जीवघेण्या वेगाने खालचे कप्पे धडधडू लागले की आयसीडी आधी त्याहून किंचित जास्त वेगाने आठ-दहा ठोके देऊन ते चक्र मोडायचा प्रयत्न करतं. जमलं तर पेशंटला बहुधा कळतही नाही. नाही जमलं तर शॉक.

या सगळ्या गोष्टीत एक देशमुखही आहेत. जुनी पद्धत तार हृदयाच्या टोकाला टेकवायची. ठोका पडायचा, पण निसर्गाच्या वाटेने नाही, त्यामुळे काही पेशंटचं हृदय वर्षानुवर्षांत कमकुवत व्हायचं. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियात काम करणारे डॉ. प्रमोद देशमुख आणि सहकाऱ्यांनी २००० साली 'सर्क्युलेशन' या जर्नलमध्ये दाखवलं, की तार थेट हिसच्या जुडग्यापाशी बसवता येते, म्हणजे वीज मूळ वायरिंगमधूनच उतरते. बराच काळ ही कल्पना किचकट म्हणून बाजूला राहिली. आता तिचीच धाकटी बहीण, डाव्या शाखेजवळचं पेसिंग, भारतातही झपाट्याने रुळतेय. तांदळाच्या दाण्याइतकी ती फोटोजेनिक नाही, एवढंच.

पैसे कोण देणार?

मैंदर्गीच्या आजीकडे परत या. नाडी ३६ सापडली, ईसीजीत ब्लॉक दिसला. आता खर्च. साधा एका तारेचा पेसमेकर हजारांत मिळतो, दोन तारांचा लाखाच्या घरात किंवा पुढे, बिनतारेचा कित्येक लाख. फेब्रुवारी २०१७ मध्ये स्टेंटच्या किमतीवर सरकारने कमाल मर्यादा घातली, औषध लावलेल्या स्टेंटला तेव्हा २९,६०० रुपये. त्याच वर्षी गुडघ्याच्या सांध्यावरही आली. पेसमेकरवर अशी मर्यादा नाही. छापील किंमत वर्षाला दहा टक्क्यांपेक्षा जास्त वाढवायची नाही, एवढंच बंधन. छापील किंमतच मुळात किती ठेवायची, हे कंपनी ठरवते. देशात पेसमेकर बनत नाहीत असं नाही, मध्य प्रदेशात पिथमपूरला ते बनतात. तरी बाजारावर पकड परदेशी कंपन्यांचीच.

तरीही पैशांचा अडसर पूर्वीइतका राहिलेला नाही, हे मान्य करायला हवं. २ जुलै २०१२ ला राजीव गांधी जीवनदायी योजना आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यात सोलापूर होता. तीच पुढे महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना झाली. २०२४ च्या जुलैपासून कुठल्याही रंगाचं रेशनकार्ड असलं तरी कुटुंबाला पाच लाखांपर्यंत संरक्षण आहे आणि पेसमेकर बसवणं त्या यादीत आहे. शिवाय २९ ऑक्टोबर २०२४ पासून सत्तरीच्या पुढच्या प्रत्येकाला, उत्पन्न न बघता, आयुष्मान वय वंदना कार्ड मिळतं. आपली आजी सत्तरीची आहे. म्हणजे कागदावर तिचा पेसमेकर जवळजवळ फुकट आहे. अडचण तिची नाडी कुणी मोजलीच नाही तर येते. योजना सुरू होते निदानानंतर, आणि निदानाआधीचं सगळं, रिक्षा, एसटी, बुडालेली मजुरी, होल्टरसाठी दुसरी फेरी, हे घरच्यांच्या खिशातून.

सीमेवरच्या गावाला यात आणखी एक गुंता आहे. मार्च २०२३ मध्ये महाराष्ट्राने कर्नाटकातल्या ८६५ मराठीभाषक गावांना आपली आरोग्य योजना द्यायचं ठरवलं, तेव्हा कर्नाटकचे तत्कालीन मुख्यमंत्री बोम्मई यांनी कडाडून विरोध केला. त्याच्या काही महिने आधी, २०२२ च्या शेवटी, त्यांनी सोलापूर-अक्कलकोटवर दावा सांगितला होता आणि अक्कलकोट तालुक्यातल्या काही गावांनी 'रस्ते-पाणी मिळत नसेल तर कर्नाटकात जातो' म्हणत ठरावही केले होते. टीव्हीवर भाषेचं भांडण रंगलं. आजारी माणसाला भाषेचं काही पडलेलं नसतं, कुठल्या दिशेची गाडी आधी येते हे बघतो तो. दुधनी स्टेशनवरून एका बाजूला सोलापूर, दुसऱ्या बाजूला कलबुर्गी. सोलापुरात कॅथलॅब आहेत. कलबुर्गीत कर्नाटक सरकारची जयदेव हृदयरोग संस्था आहे, तिची नवी इमारत डिसेंबर २०२४ मध्ये सुरू झाली. केंद्राचं आयुष्मान कार्ड संलग्न रुग्णालय असेल तर राज्याबाहेरही चालतं. राज्याच्या योजनेचं तसं नाही, राज्याने संलग्न केलेल्या रुग्णालयातच जावं लागतं. त्यामुळे घरात नेमकं कुठलं कार्ड आहे, हे कोसळण्याच्या दिवशी शोधण्यापेक्षा आज रविवारी बघून ठेवलेलं बरं. ई-केवायसी तुम्हीच करून देणार आहात, आजी नाही.

ज्यांना यातलं काहीच मिळत नव्हतं त्यांच्यासाठी मुंबईत एक वेगळीच वाट काढली गेली होती. अमेरिकेत मरण पावलेल्यांच्या शरीरातले पेसमेकर, नातेवाइकांच्या संमतीने, अंत्यसंस्कार करणाऱ्या संस्थांकडून गोळा केले. ज्यांची बॅटरी पुरेशी शिल्लक होती ते निर्जंतुक करून वांद्र्याच्या होली फॅमिली हॉस्पिटलमध्ये ५३ गरीब पेशंटना बसवले. २०१२ मध्ये अमेरिकन जर्नलमध्ये त्याचा अहवाल आला, गंभीर गुंतागुंत झाली नव्हती. २०२० मध्ये कॅनडातल्या डॉक्टरांनी लॅटिन अमेरिका आणि कॅरिबियनमधल्या हजाराहून जास्त पेशंटचा अभ्यास मांडला. पुन्हा वापरलेल्या यंत्रांमुळे जंतुसंसर्ग लक्षणीय वाढतो असं त्यात आढळलं नाही. तरी यंत्राच्या वेष्टनावर 'एकदाच वापरा' असंच छापलेलं असतं आणि अमेरिकेचं औषध प्रशासन पुनर्वापराला मान्यता देत नाही. माझं मत विचाराल तर यावर आपल्याकडे उघड चर्चा आणि स्पष्ट नियम व्हायला हवेत, कारण पेसमेकर दहनाआधी काढावाच लागतो. आगीत बॅटरीचा स्फोट होतो. काढलेलं यंत्र मग जातं कुठे, हे सहसा कुणी विचारत नाही. आणि घरात कुणाच्या छातीत पेसमेकर असेल तर ही गोष्ट स्मशानात जाण्याआधी डॉक्टरांना सांगायची असते, हेही बऱ्याच घरांत माहीत नसतं.

ईसीजी गावात आला तर

निदानाची अडचण सुटण्यासारखी आहे. तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्राने क्रेडिट कार्डाच्या आकाराचं टेली-ईसीजी यंत्र केव्हाच तयार केलंय, मोबाइलला जोडायचं आणि आलेख डॉक्टरला पाठवायचा. 'स्टेमी महाराष्ट्र' प्रकल्पात ग्रामीण रुग्णालयांतले ईसीजी ऑनलाइन वाचून घ्यायची सोय काही जिल्ह्यांत झाली. ती मुख्यतः हार्ट अटॅक पकडण्यासाठी. पण ईसीजीचा कागद तोच असतो, त्यावर ब्लॉकही दिसतो. अटॅकमध्ये छातीत दुखतं म्हणून माणूस पळत येतो. ब्लॉकवाली आजी पाणी पिऊन पुन्हा कामाला लागते. म्हणून तिच्यासाठी मशीन तिच्याकडे जायला हवं, वर्षातून एकदा, साठीच्या पुढच्यांसाठी, यात्रेत किंवा आठवडी बाजारात टेबल टाकून का होईना.

पेसमेकर बसला की गोष्ट संपत नाही. सहा महिन्यांनी किंवा वर्षाने तपासणी लागते, बॅटरी किती उरली आणि तार नीट बसलीय का ते बघायला. तपासणी प्रोग्रामर नावाच्या यंत्राने होते आणि एका कंपनीचा प्रोग्रामर दुसऱ्या कंपनीचं यंत्र वाचत नाही. घरात मिक्सर, टीव्ही, बाइक सगळं चालतं. मोबाइलही चालतो, फक्त डबीच्या बाजूच्या शर्टाच्या खिशात ठेवायचा नाही, वीतभर अंतर राखायचं. चुंबकवाले फोन आणि इअरबडच्या डब्या यांच्या बाबतीत तर जास्तच. वेल्डिंगचं काम असेल तर आधी डॉक्टरांना विचारायचं. एमआरआयच्या आधी यंत्र त्याला चालणारं आहे का ते सांगायचं.

हे सगळं एका छोट्या कार्डावर लिहिलेलं असतं: कंपनी, मॉडेल, बसवल्याची तारीख. सोलापुरात बसवलेल्या यंत्राचा पेशंट रात्री कलबुर्गीत पोचला तर तिथला डॉक्टर सगळ्यांत आधी तेच मागणार. त्या कार्डाचा फोटो घरातल्या दोघा-तिघांच्या मोबाइलमध्ये असू द्या, आणि मूळ कार्ड आजीच्या पिशवीत, आधार कार्डाच्या पाकिटात.